थंडीतलं नाओशिमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी-फेब्रुवारीत जपानला येणारे नातेवाईक, मित्र आणि मित्रांचे मित्र मला फोनवर तेच तेच विचारतात. मी ओसाकात राहते. नाओशिमाला चार वेळा जाऊन आले, त्यातल्या तीन वेळा ऐन थंडीत. उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून ठेवते. बोटींचं वेळापत्रक आणि तिकिटांचे दर बदलत असतात, तेवढे निघण्याआधी स्वतः बघून घ्या.

नाओशिमा आहे तरी कुठे?

होन्शू आणि शिकोकू या जपानच्या दोन मोठ्या बेटांच्या मध्ये सेतो नावाचा आतला समुद्र आहे. त्यात लहान लहान बेटं नुसती शिंपडल्यासारखी पडली आहेत, नाओशिमा त्यातलंच एक. सरकारदरबारी ते शिकोकूतल्या कागावा प्रांतात मोडतं, पण जवळचा किनारा मात्र समोरच्या ओकायामाचा. वस्ती जेमतेम तीन हजार, घेर साधारण १६ किलोमीटर.

पुणेकरांना ओकायामा हे नाव ओळखीचं असेल. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला निम्मं पुणं अजून 'ओकायामा गार्डन' म्हणतं, ते ओकायामातल्या कोराकुएन या तीनशे वर्षं जुन्या बागेवरून बेतलेलं आहे. नाओशिमाला जाताना बहुतेकांना ओकायामालाच गाडी बदलावी लागते. हाताशी दोन तास असतील तर मूळ बाग बघून घ्या. हिवाळ्यात तिथली हिरवळ वाळून पिवळी पडते आणि फेब्रुवारीत माळी ती रीतसर पेटवून देतात, म्हणजे वसंतात नवं गवत नीट यावं. पुण्यात कोणी असं केलं तर वर्तमानपत्रात पत्रं येतील.

एवढं काय वेगळं आहे त्या गावात?

मच्छीमारांचं साधं गाव, पण दातांच्या डॉक्टरच्या जुन्या घरात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा कोंबलेला. सार्वजनिक न्हाणीघराच्या भिंतीवर हत्ती. धक्क्यावर उतरल्या उतरल्या ठिपक्यांचा लाल भोपळा. देवळाच्या खाली भुयार आणि त्यात काचेचा जिना. आणि या सगळ्याच्या मधून एक आजी हातगाडीवर मुळे घेऊन चाललेली असते, तिला यातल्या कशाचंच नवल नाही.

हे आपोआप झालेलं नाही. १९१७ साली बेटाच्या उत्तर टोकाला मित्सुबिशीचा तांबं शुद्ध करण्याचा कारखाना आला. गावाला रोजगार मिळाला, पण धुराने टेकड्यांवरची झाडं करपली. पुढे माणसं कमी होऊ लागली. १९५९ ला महापौर झालेले चिकात्सुगु मियाके ३६ वर्षं त्या खुर्चीवर होते. त्यांच्या मनात बेटाची वाटणी पक्की होती: उत्तरेला कारखाना, मध्ये शाळा आणि लोकवस्ती, दक्षिणेला पाहुणे. १९८५ ला ओकायामातल्या एका प्रकाशनसंस्थेचे मालक तेत्सुहिको फुकुताके त्यांना भेटले. मुलांच्या शिबिरांसाठी तळ उभारायचा असं ठरलं. फुकुताके लगेच वारले, पण त्यांच्या मुलाने काम पुढे नेलं. १९८९ ला तो तळ सुरू झाला, १९९२ ला बेनेस्से हाउस हे संग्रहालय-हॉटेल, आणि १९९८ पासून गावातली ओसाड घरं एकेक करून कलाकारांच्या हाती गेली. यातल्या बऱ्याचशा इमारती तादाओ आंदो या ओसाकाच्या वास्तुविशारदाच्या.

कारखाना अजून चालू आहे, हे लोक विसरतात. समोरच्या उनो बंदरातून येणाऱ्या बोटीत तुमच्या शेजारी मालट्रक उभे असतात. जुन्या मोबाइल-संगणकांच्या भंगारातलं तांबं आणि सोनं या बेटावर काढलं जातं. शेजारच्या तेशिमा बेटावर बेकायदा टाकलेला नऊ लाख टनांहून जास्त औद्योगिक कचरा इथेच आणून वितळवला गेला, ती वाहतूक २०१७ पर्यंत चालली होती. मला विचाराल तर हे माहीत असल्याशिवाय नाओशिमा अर्धंच दिसतं.

थंडी किती असते?

जानेवारीत दिवसा ९-१० अंश, पहाटे २ अंशांच्या आसपास. आकड्यात महाबळेश्वरच्या कडक थंडीएवढंच वाटेल. फसू नका. फरक वाऱ्याचा आहे. समुद्रावरून येणारा वारा कानात शिरतो, बोटं बधिर करतो. उन्हात भिंतीला टेकून उभं राहिलं तर स्वेटर काढावासा वाटतो, आणि कोपरा वळलात की हुडहुडी भरते.

बर्फ पडतो का?

क्वचित. बर्फ बघायचा असेल तर हे गाव तुमच्यासाठी नाही, होक्काइदोला जा.

मग थंडीतच का जायचं?

कारण गर्दी नसते. मी एकदा ऑक्टोबरात गेले होते. दर तीन वर्षांनी या बेटांवर मोठा कलामहोत्सव भरतो, २०१० ला सुरू झाला. तो वसंत, उन्हाळा आणि शरद अशा तीन टप्प्यांत होतो, त्यातला शरदातला टप्पा चालू होता. बससाठी रांग, भोपळ्यासमोर रांग, नूडल्ससाठी रांग. गाव दिसलंच नाही, माणसांच्या पाठी दिसल्या. हिवाळ्यात महोत्सव नसतो. गल्लीत तुमच्याच बुटांचा आवाज येतो. एखाद्या घरातून टीव्हीचा, एखाद्या घरातून मासे भाजल्याचा वास. आणि हवा इतकी स्वच्छ की शिकोकूवरचे डोंगर अगदी हाताशी दिसतात.

त्याची किंमतही आहे. बरीच हॉटेलं, कॅफे या दिवसांत सुट्टी घेतात, किंवा आठवड्यातून तीनच दिवस उघडतात. म्हणून माझा नियम: आधी पोटाची सोय, मग कला.

पोहोचायचं कसं?

दोन वाटा. ओकायामाहून लोकल गाडीने उनो बंदर, तिथून बोटीने २० मिनिटं. किंवा शिकोकूच्या बाजूने ताकामात्सुहून मोठी बोट, ती ५० मिनिटं घेते. उनोहून भाडं तीनशे येनच्या आसपास, ताकामात्सुहून पाचशेच्या. ओकायामा ते उनो जाताना बहुतेक गाड्यांना चायामाची स्टेशनवर बदल असतो. तिथला प्लॅटफॉर्म उघडा आहे आणि तिथला वारा मी जन्मात विसरणार नाही.

बोटी बहुतेक पश्चिमेच्या मियानोउरा धक्क्याला लागतात, काही मोजक्या पूर्वेच्या होन्मुराला. परतीची बोट कुठल्या धक्क्यावरून आहे ते नीट वाचा. दोन्हींमध्ये दोन किलोमीटर आणि मध्ये चढ आहे.

सोमवारी गेलं तर चालेल का?

नाही. नाही म्हणजे नाही.

पहिल्या वेळी मी सोमवारीच गेले होते. ऑफिसला सुट्टी, आकाश निळंशार, बोटीत मी आणि चार कामगार. मला वाटलं, वा, काय नशीब! होन्मुरात पोहोचले तर एकूण एक दाराला साखळी. संग्रहालयं बंद, कलाघरं बंद, न्हाणीघर बंद, कॅफे बंद. सोमवार हा बेटाचा सुट्टीचा वार. सोमवारी सरकारी सुट्टी आली तर सगळं उघडं ठेवतात आणि मंगळवारी बंद करतात, म्हणजे तो मंगळवारही गेला. दुपारचं जेवण म्हणून मी व्हेंडिंग मशीनमधून गरम मक्याच्या सूपचे दोन डबे प्यायले आणि भोपळ्याच्या शेजारी बसून राहिले. त्या दिवशी गल्ल्या मात्र पाठ झाल्या.

एका दिवसात उरकतं का?

उरकतं, पण हिवाळ्यात दिवस लहान असतो. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सातनंतर उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. दहाला उतरलात तर उजेडाचे सात तास हाती. एक मुक्काम केलात तर संध्याकाळची शेवटची गर्दीची बोट गेल्यावरचं गाव दिसतं. तेच बघायला मी जाते.

तो पिवळा भोपळा वाहून गेला ना?

गेला होता आणि परतही आला. यायोई कुसामा या जपानी कलाकाराने घडवलेला हा शिल्पातला भोपळा १९९४ पासून दक्षिणेच्या जुन्या धक्क्याच्या टोकावर बसलेला. ऑगस्ट २०२१ च्या वादळात तो सुटला, लाटांवर आपटत फुटला, आणि ते जगभर लोकांनी मोबाइलवर बघितलं. ऑक्टोबर २०२२ ला नवा बसवला.

लाल भोपळा वेगळा. तो मियानोउरा धक्क्याजवळ आहे, २००६ पासून. पिवळ्याच्या आत जाता येत नाही, लालच्या आत जाता येतं. माझ्या आईने आत शिरून गोल ठिपक्याच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं, डोक्यावर तांबडी कानटोपी. बाबा म्हणाले, "लेकीकडून तूप-रोटी खाऊन निघालेली म्हातारी सापडली." आई त्यानंतर तासभर त्यांच्याशी बोलली नाही. वारा अडवायला हा भोपळा उत्तम आहे, बोटीची वाट बघताना उपयोगी पडतो.

होन्मुरात नेमकं काय बघायचं?

होन्मुरा म्हणजे जुनी वस्ती. अरुंद गल्ल्या, जाळून काळ्या केलेल्या देवदाराच्या फळ्यांच्या भिंती. लाकूड आधीच जाळलं की खाऱ्या हवेत ते लवकर कुजत नाही, किडतही नाही. दारांवर कापडी पडदे, त्यांना नोरेन म्हणतात, आणि प्रत्येक घराला त्याचं जुनं नाव असलेली पाटी. आडनावाने नाही, घराच्या नावाने ओळख. आपल्याकडे कोकणात 'खालच्या वाड्यातले', 'वडाखालचे' म्हणतात तसंच.

या गल्ल्यांत विखुरलेली कलाघरं आहेत. सगळ्यांचा पाढा वाचत नाही, मला लागलेली सांगते.

कादोया हे सगळ्यात पहिलं, १९९८ चं. आत अंधार, जिथे चटया असायच्या तिथे उथळ पाणी, आणि पाण्याखाली १२५ आकडे लुकलुकत असतात, लाल, हिरवे, पिवळे. एक ते नऊ मोजतात, पुन्हा एक. कुणी भरभर, कुणी अगदी रेंगाळत. तात्सुओ मियाजिमा या कलाकाराने प्रत्येक आकड्याचा वेग गावातल्या एकेका माणसाला ठरवायला सांगितला होता, पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. गावकऱ्यांनी या सगळ्या प्रकाराला आपलं म्हटलं ते यामुळे, असं मला वाटतं. नुसतं बघायला बोलावलं असतं तर आले असते आणि मान हलवून गेले असते.

हाइशा म्हणजे दातांचा डॉक्टर. घर आणि दवाखाना एकत्र होता. २००६ ला शिनरो ओताकेने त्यावर पत्रे, होडीचे तुकडे, निऑनचे दिवे चिकटवून त्याचा पार चिवडा केला. आत दोन मजले फोडून स्वातंत्र्यदेवी उभी. बाबांनी सगळं घर फिरून फक्त एवढंच विचारलं, "आणि पेशंट कुठे बसायचे?"

गोओ हे खरंखुरं देऊळ, हिरोशी सुगिमोतोने २००२ ला नव्याने मांडलेलं. वरच्या गाभाऱ्यातून काचेचा जिना खाली भुयारात उतरतो. तुम्हाला बॅटरी देतात, बाजूच्या फटीतून आडवं होऊन आत जायचं. जाड जॅकेट घातलेलं असेल तर अडकायला होतं, माझं पाकीट भिंतीला घासलं. खाली काळोखात तोच जिना वरच्या उजेडाने उजळलेला दिसतो. परतताना त्या फटीच्या तोंडाशी समुद्राचा उभा चौकोन दिसतो, हिवाळ्यात तो अगदी स्टीलच्या रंगाचा. मी जिन्यासाठी गेले होते, लक्षात तो चौकोन राहिला.

दक्षिण देवळात काहीच दिसत नाही म्हणतात, ते खरं का?

मिनामिदेरा, शब्दशः दक्षिणेचं देऊळ. जुनं देऊळ केव्हाच गेलं, आता त्या जागी आंदोंनी बांधलेली काळ्या लाकडाची इमारत आहे आणि आत जेम्स टरेल या अमेरिकी कलाकाराचं काम. भिंतीला हात लावून काळोखात शिरायचं, बाकावर बसायचं आणि थांबायचं. पाच मिनिटं, सात मिनिटं. खरोखर काहीही दिसत नाही. डोळे उघडे की मिटलेले तेही कळत नाही. मग समोर काहीतरी फिकं फिकं जाणवायला लागतं. पुढचं सांगत नाही. अंधाराची भीती असलेल्यांनी आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी विचार करावा. एका लहानग्याने नेमक्या सहाव्या मिनिटाला "लाइट लावा ना" म्हणून भोकाड पसरलेलं मी ऐकलं आहे. मराठीतच.

खेळघरातली फुलं खरी की खोटी?

दोन्ही. गोकाइशो ही जागा म्हणजे गावकऱ्यांचा 'गो' हा पटावरचा खेळ खेळायचा अड्डा. आता तिथे चटईवर कामेलियाची फुलं पडलेली दिसतात, ती योशिहिरो सुदाने लाकडात कोरून रंगवलेली. समोर अंगणात कामेलियाचं खरं झाड. थंडी सरता सरता ते फुलतं. कामेलियाचं फूल पाकळ्या गाळत नाही, अख्खंच्या अख्खं खाली पडतं, म्हणून जमिनीवरही ते कोणी ठेवल्यासारखं दिसतं. मी फेब्रुवारीअखेर गेले तेव्हा बाहेर मातीत तीन फुलं होती, एकाची कड तपकिरी झालेली. आतल्या लाकडी फुलांकडे आणि या तिघांकडे आळीपाळीने बघत किती वेळ उभी होते कोण जाणे, शेवटी तिकीट बघणाऱ्या काकूंनी मला विचारलं, "सामुकुनाइ?" थंडी नाही वाजत?

चिचू संग्रहालयाचं तिकीट आधी काढावं लागतं का?

हो, ऑनलाइन, वेळ निवडून. हिवाळ्यात जागा मिळते, पण 'मिळेलच' असं धरून जाऊ नका.

चिचू म्हणजे मातीच्या आत. टेकडीचा आकार बिघडू नये म्हणून आंदोंनी २००४ ला जवळजवळ सगळी इमारत जमिनीखाली घातली. मोने या फ्रेंच चित्रकाराची कमळांची पाच चित्रं जिथे आहेत तिथे दिवेच नाहीत, छतातून येणारा दिवसाचा उजेड तेवढाच. त्यामुळे ढग आले की चित्रं काळवंडतात, ऊन आलं की पाणी पुन्हा हलायला लागतं. हिवाळ्यात दुपारी साडेतीननंतरची वेळ घेऊ नका, बाराच्या आसपासची घ्या. बूट काढून स्लिपर घालायच्या असतात, पायाखाली पांढऱ्या संगमरवराचे बारीक चौकोनी तुकडे. लोकरी मोजे घालून जा, भोक नसलेले.

आत फोटो काढू देत नाहीत. काही बिघडत नाही.

न्हाणीघरात खरंच सगळ्यांसमोर कपडे काढायचे?

हो. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, पण पोहण्याचा पोशाख वगैरे काही नाही.

हे न्हाणीघरही ओताकेचंच, २००९ चं. नाव मोठं गमतीचं. जपानीत गरम पाण्याला 'यु' म्हणतात, म्हणून पाटीवर 'आय लव्ह' लिहून पुढे गरम पाण्याचं चिन्ह, वाचायचं 'आय लव्ह यू'. बाहेरून ते भंगाराच्या दुकानाला ताप भरल्यासारखं दिसतं: रंगीत फरशा, विमानाची केबिन, होडीचा बुडखा. आत पुरुष आणि बायकांच्या मधल्या भिंतीवर छोटा हत्ती उभा आणि काचेपलीकडे निवडुंग.

रीत अशी: कपडे टोपलीत ठेवायचे, बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, साबणाचा फेस पूर्ण गेला की मगच टाकीत उतरायचं. आंघोळ बाहेर, टाकी फक्त शेकायला. टॉवेल टाकीत बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच पाय अडखळला. सोलापूरची मुलगी मी, आईसमोरही अशी कधी वावरले नव्हते. टाकीत दोन गावातल्या आजी होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, थोडं सरकून जागा केली आणि आपल्या गप्पा चालू ठेवल्या. दिवसभर वाऱ्यात गोठलेली बोटं त्या पाण्यात आधी झिणझिणली, मग सैल झाली. दहा मिनिटांत मी लाज विसरून हत्तीच्या कानांत काय रंग दिलाय ते बघत बसले होते.

आईला नेलं का? नेलं. ती बाहेर बाकावर बसून मशीनमधलं गरम दूध प्यायली. जबरदस्ती करू नये.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

खरं सांगायचं तर, हाल आहेत. अडचण मांसाची नाही, रश्शाची. कागावा प्रांत उदोन या जाड नूडल्ससाठी प्रसिद्ध, पण त्यांचं सार सुकवलेल्या छोट्या माशांचं असतं. "मासा नको" म्हटलं की तुकडे काढून देतील, पाणी तेच. त्यामुळे पक्के शाकाहारी असाल तर शिदोरी न्या. दशम्या, तिळाच्या पोळ्या, मेतकूट, लोणचं. जानेवारीत गूळपोळी तर घरी असतेच आणि ती थंडीत दोन-तीन दिवस सहज टिकते. मियानोउरात एक सेव्हन-इलेव्हन आहे, तिथे आंबट उमेबोशी, म्हणजे खारवलेलं जपानी फळ, भरलेला भाताचा गोळा, केळी, गरम चहा मिळतो. पाकिटावरचा मजकूर मोबाइलने वाचून घ्या.

मासे खाणाऱ्यांची मात्र चैन. इथे हामाची नावाचा मासा पाळतात, आणि हिवाळ्यात त्याला चरबी चढते. समुद्रात नोरीची, म्हणजे सुशीवर गुंडाळतात त्या शेवाळाची, शेतीही थंडीतच असते. बोटीतून पाण्यावर काळ्या जाळ्यांचे पट्टे दिसतात ते तेच. मालवणच्या माझ्या मैत्रिणीने हामाचीचा पहिला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "याला तिरफळं घालून केलं असतं ना..." पुढे बोललीच नाही, दुसरा तुकडा उचलला.

हॉटेल उघडं दिसलं की जेवून घ्या, मग साडेअकरा का वाजलेले असेनात. दोन वाजता सगळ्यांचे पडदे आत गेलेले असतात. दारावरचा पडदा आत घेतला म्हणजे दुकान बंद, ही खूण लक्षात ठेवा.

सायकल, बस की पायी?

पायी. मियानोउरा ते होन्मुरा अर्धा तास लागतो, वाटेत काझुहिरो इशिई यांनी बांधलेली शाळा दिसते. होन्मुरात त्यांचंच १९८३ चं टाऊन हॉल आहे, एखाद्या राजवाड्याने सरकारी नोकरी धरल्यासारखं. सायकली भाड्याने मिळतात, चढ असल्यामुळे बॅटरीवाली घ्या, पण थंडीत हँडल धरून हात बर्फ होतात आणि दक्षिणेच्या संग्रहालयांच्या पट्ट्यात सायकल नेऊच देत नाहीत. गावची छोटी बस आहे, भाडं शंभर येनच्या घरात. सुट्टे पैसे ठेवा. ज्येष्ठांबरोबर असाल तर बसच.

कपडे कोणते?

आतून थर्मल, वर स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. मफलर आणि कानटोपी हवीच, फॅशनचं बघू नका. जपानी दुकानात 'काइरो' नावाच्या पुड्या मिळतात, फोडून खिशात ठेवल्या की तासन्‌तास गरम राहतात. त्या थेट कातडीला लावू नयेत, बाबांच्या पोटावर लाल चट्टा उठला होता. बूट सहज काढता-घालता येतील असे घ्या. कलाघरांत दर वीस मिनिटांनी ते काढावे लागतात आणि वाकून लेस बांधता बांधता माझी कंबर गेली.

भाषेची अडचण येते का?

तिकीटखिडकीवर इंग्रजी चालतं. गल्लीत जपानीच. 'सामुइ देसु ने' एवढं पाठ करा, म्हणजे 'थंडी आहे, नाही का'. हिवाळ्यात हे वाक्य कुणालाही, कधीही म्हणता येतं आणि समोरचा नेहमी सहमत असतो.

नाओशिमा या नावाबद्दलही गावकरी कौतुकाने सांगतात. ११५६ च्या लढाईत हरलेला माजी सम्राट सुतोकू हद्दपार होऊन या बाजूला आला, तेव्हा इथल्या माणसांचा सरळपणा बघून त्याने हे नाव दिलं, अशी आख्यायिका. 'नाओ' म्हणजे सरळ.

शेजारची बेटंही त्याच फेरीत होतील का?

उन्हाळ्यात हो. हिवाळ्यात बोटी कमी, आणि तेशिमाचं संग्रहालय आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं. तारखा जुळवून बघा, न जुळल्यास हट्ट करू नका.

रात्री बेटावर करायचं काय?

फारसं काही नाही. सहा-सात वाजता गल्ल्या रिकाम्या. न्हाणीघरातून निघून ओल्या केसांवर टोपी ओढून मी धक्क्यापर्यंत चालत जाते. लाल भोपळ्यावर दिवा असतो. तिकीटघराचं लांबच लांब सपाट छत अंधारात तरंगल्यासारखं दिसतं. मशीनमधून गरम कॉफीचा डबा घ्यायचा. गरम पेयांखाली लाल पट्टी असते, थंड पेयांखाली निळी, काळोखात घाईने निळी दाबू नका. डबा प्यायच्या आधी दोन्ही खिशांत आळीपाळीने ठेवायचा, हात शेकतात. उनोकडून शेवटची बोट येते, चार-पाच माणसं उतरतात, पिशव्या सावरत आपापल्या गल्लीत शिरतात. मागून एक ट्रक उतरून कारखान्याच्या रस्त्याला लागतो.

शेवटची बोट चुकली तर?

राहायची जागा शोधा आणि घरी फोन करा. हिवाळ्यात एखादी खोली रिकामी मिळते, पण रात्रीचं जेवण मिळेलच असं नाही. सेव्हन-इलेव्हनचा रस्ता दिवसाउजेडीच बघून ठेवा.